आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर निवडताना

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सर्किट मेन्सपासून (घरच्या २३० व्होल्ट पुरवठ्यापासून) वेगळं ठेवणारा ट्रान्सफॉर्मर, घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘किती व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे क्षमता)?’ त्याच्याही आधी ठरवायचं ते हे, की सेकंडरीला (आउटपुटच्या वाइंडिंगला) काय जोडणार आणि जोडल्यावर ती तरंगती, म्हणजे जमिनीशी न जोडलेली, राहणार का.

मेन्सचा न्यूट्रल पुरवठ्याच्या बाजूला जमिनीशी जोडलेला असतो. म्हणून जमिनीवर उभं राहून फेजला हात लावला की सर्किट पूर्ण होतं. १:१ (जेवढं व्होल्टेज आत तेवढंच बाहेर देणाऱ्या) आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीचं कोणतंच टोक जमिनीला जोडलेलं नसतं, त्यामुळे एका टोकाला हात लागला तर प्रवाहाला परतीची वाट नाही. संरक्षण आहे ते एवढंच. दोन्ही टोकांमध्ये हात सापडला तर २३० व्होल्टचा धक्का बसणारच, आणि ट्रान्सफॉर्मरच्या आधी, मेन्सच्या बाजूला असलेला आरसीसीबी (गळती प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच) पडणार नाही, कारण त्याला फेज आणि न्यूट्रलमधला प्रवाह सारखाच दिसतो. व्हेरिअ‍ॅकमध्ये (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये) तर एकच वाइंडिंग असतं; व्होल्टेज कमी-जास्त होईल, आयसोलेशन शून्य.

तुमचा प्रोजेक्ट १२ किंवा २४ व्होल्टवर चालणार असेल तर १:१ ची गरजच नाही. तिथे आयईसी ६१५५८-२-६ या आंतरराष्ट्रीय मानकात बसणारा सेफ्टी आयसोलेटिंग स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. १:१ लागतो तो मेन्सला थेट जोडलेल्या सर्किटवर काम करायला: एसएमपीएसची (स्विचिंग पॉवर सप्लायची) प्रायमरी, म्हणजे मेन्सकडची, बाजू, जुने लाइव्ह चासीचे (धातूचा सांगाडाच मेन्सला जोडलेले) रेडिओ. त्यासाठी त्याच मानकाचा भाग २-४ पाहा.

आता स्कोपचा (ऑसिलोस्कोपचा) मुद्दा, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. एसएमपीएसच्या प्रायमरीतला ‘ग्राउंड’ म्हणजे ब्रिज रेक्टिफायरचं (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडच्या जोडणीचं) निगेटिव्ह टोक. आयसोलेशन नसताना तिथे स्कोपची ग्राउंड क्लिप (ती प्लगच्या अर्थ पिनला जोडलेली असते) लावली की डायोड, क्लिप आणि अर्थिंग यांतून थेट शॉर्ट होतो. ट्रान्सफॉर्मर मध्ये घातला की हा शॉर्ट टळतो. पण क्लिप लावताक्षणी ते टोक जमिनीला जोडलं गेलं, म्हणजे सेकंडरी तरंगती उरली नाही. आता ३२५ व्होल्टच्या कॅपॅसिटरला बोट लागलं तर ट्रान्सफॉर्मर असून नसल्यासारखा. म्हणून क्लिप लावायची ती वीज बंद असताना, कॅपॅसिटरमधला चार्ज उतरवून, आणि चालू केल्यावर हात बाहेर. हे काम वारंवार करायचं असेल तर डिफरन्शियल प्रोबवर (अर्थला न जोडता दोन बिंदूंमधलं व्होल्टेज मोजणाऱ्या प्रोबवर) खर्च करा. स्कोपच्या प्लगची अर्थ पिन मात्र कधीही काढू नका; मग स्कोपचे धातूचे भागच जिवंत होतात.

सेकंडरी तरंगती राहावी म्हणूनच एका ट्रान्सफॉर्मरवर एकच उपकरण लावा, आणि आउटपुट सॉकेटची अर्थ पिन रिकामी ठेवा. ट्रान्सफॉर्मरचा कोअर आणि धातूचा डबा मात्र अर्थ करायचा. बाजारात ‘आयसोलेशन’ नावाने मिळणारे काही ट्रान्सफॉर्मर मेन्समधला गोंगाट कमी करण्यासाठी असतात आणि त्यांच्या सेकंडरीचं एक टोक आतूनच अर्थला जोडलेलं असतं. आपल्या कामासाठी ते निरुपयोगी.

व्हीएचा हिशेब सोपा आहे. समजा एसएमपीएस १२० वॉटचा, कार्यक्षमता ८५ टक्के. आत जातात सुमारे १४१ वॉट. एसएमपीएसमध्ये पॉवर फॅक्टर (वॉट भागिले व्हीए) सुधारणा नसेल तर तो ०.६ धरा, झाले २३५ व्हीए. २५० व्हीएचा घेतला तर काठावर, ३०० च्या पुढचा घ्या.

दोन २३०:१२ ट्रान्सफॉर्मर पाठीला पाठ लावून (१२ व्होल्टच्या बाजू एकमेकींना जोडून) काम भागवता येतं, पण हलक्या लोडपुरतंच. छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये पूर्ण लोडला १०-१५ टक्के व्होल्टेज पडतं आणि इथे ते दोनदा पडतं. २३० च्या जागी १८० च्या आसपास मिळालं तर नवल नाही.

बांधणीत मला दोन कप्प्यांच्या बॉबिनवर (तार गुंडाळायच्या रिळावर) गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर आवडतो. प्रायमरी आणि सेकंडरी शेजारी-शेजारी, मध्ये प्लॅस्टिकची भिंत. इन्सुलेशन भक्कम आणि दोन वाइंडिंगमधली कॅपॅसिटन्स कमी. एकावर एक गुंडाळलेल्यात ती १ नॅनोफॅरॅड असेल, तर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला सुमारे ७२ मायक्रोअँपिअर गळतात. म्हणूनच सेकंडरी आणि अर्थ यांच्यात डिजिटल मीटर बऱ्यापैकी व्होल्टेज दाखवतो. नुसतं तेवढ्यावरून ट्रान्सफॉर्मर बाद करू नका.

टोरॉइडल (कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर हलका आणि शांत, पण चालू करताना प्रवाहाचा मोठा झटका घेतो. ५०० व्हीएला प्रायमरीत २.२ अँपिअर वाहतात, तिथे ३.१५ अँपिअरचा टाइम-लॅग (क्षणिक झटका सोसणारा) फ्यूज लावा, फास्ट लावलात तर विनाकारण उडत राहील. सेकंडरीला वेगळा २ अँपिअरचा. टोरॉइडच्या मधल्या बोल्टची दोन्ही टोकं डब्याच्या पत्र्याला टेकू देऊ नका. बोल्ट आणि डबा मिळून शॉर्ट झालेला एक वेढा तयार होतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो.

वापरलेला घेत असाल तर आधी प्लग न लावता सेकंडरीपासून अर्थपर्यंत आणि प्रायमरीपर्यंत कंटिन्युइटी नाही ना, ते तपासा. मग ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) प्रायमरी-सेकंडरी, प्रायमरी-कोअर आणि सेकंडरी-कोअर पाहा. चांगल्या ट्रान्सफॉर्मरला शेकडो मेगोहम येतात, रीडिंग घसरत असेल तर परत करा. पहिल्यांदा चालू करताना प्रायमरीच्या सिरीजमध्ये ६० वॉटचा तंतूचा बल्ब ठेवा. तो झगझगीत पेटून राहिला तर वेढे शॉर्ट आहेत, किंवा ११५-११५ च्या दोन प्रायमरींपैकी एक उलटी जोडली आहे. बल्ब विझला तर तो काढून तासभर विनालोड चालवा. एवढ्यात हात ठेववत नाही इतका तापला तर तो बहुधा ६० हर्ट्झसाठी बनवलेला आहे; ५० वर त्याचा कोअर सॅच्युरेट होतो, म्हणजे चुंबकीय क्षमतेची मर्यादा गाठतो.