दोन टक्के आणि चौदा दिवस

मंडळी, साखर कारखान्याच्या 'सामाजिक बांधिलकी'चा विषय निघाला की आपल्याकडे लगेच प्रवरानगर आणि वारणेचं नाव येतं. शाळा, दवाखाने, कॉलेजं. पण तो पैसा सभासदांच्या उसाच्या बिलातून टनामागे कापलेला होता. शेतकऱ्याने आपल्याच पैशातून आपल्यासाठी उभं केलेलं ते काम होतं. खासगी साखर कंपनीचं गणित वेगळं आहे. कंपनी कायद्याचं कलम 135 तिला लागू होतं, सहकारी कारखान्याला नाही.

कायदा थोडक्यात सांगतो. निव्वळ नफा 5 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा नक्त मालमत्ता 500 कोटी, यातली एक अट पुरी झाली तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. प्रशासकीय खर्च त्यातला 5 टक्क्यांपेक्षा जास्त नको. सरासरी नफा 20 कोटी असेल तर रक्कम 40 लाख आणि त्यात ऑफिसखर्च 2 लाख. ही 2 टक्क्यांची रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर वेगळी समितीही लागत नाही, संचालक मंडळच ठरवतं. आणि नेमकी इथेच गंमत होते. मंडळाच्या बैठकीत शेवटच्या महिन्यात विषय येतो, आणि गावाच्या वेशीवर कमान उभी राहते.

आता हे 40 लाख दुसऱ्या एका आकड्याशेजारी ठेवून बघा. हंगामात 6 लाख टन गाळप झालं आणि तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला 2700 रुपये द्यायचे आहेत, असं धरू. एकूण देणं 162 कोटी. ऊस नियंत्रण आदेश, 1966 प्रमाणे ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला 15 टक्के व्याज. या रकमेवर एका दिवसाचं व्याज साधारण 6 लाख 66 हजार होतं. म्हणजे सगळ्या बिलांना सरासरी सहा दिवस उशीर केला आणि व्याज दिलं नाही, की 40 लाख शेतकऱ्याच्या खिशातून गेले. मग त्याच पैशातून शाळेला बाक देऊन फोटो काढला, तर गावाला हिशेब कळत नाही असं समजू नका. माझ्या मते गावाशी नातं जोडायचं पहिलं काम हेच: बिल वेळेवर.

दुसरं काम वजनकाट्याचं. 20 टनांच्या खेपेत एक टक्का फरक म्हणजे 200 किलो, टनाला 2700 ने 540 रुपये. ऊस बाहेरच्या काट्यावर तोलून आणला तर अडवायचं नाही, हे लेखी जाहीर करा. काट्याचा आकडा शेतकऱ्याला दिसेल असा बाहेर लावा. तोडणी-वाहतुकीची कपात सरासरी अंतरावर करत असाल, तर कारखान्याशेजारचा शेतकरी लांबच्या उसाचं भाडं भरतो. तो दर कसा काढला ते पावतीवर लिहा. याला फारसा खर्च नाही, म्हणूनच बहुधा कोणी करत नाही.

आता खरा मोठा विषय, ऊसतोड कामगार. रोज 5000 टन गाळप आणि एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला दोन टनांच्या आसपास तोडते. सगळी तोड हाताची धरली तर 2500 कोयते, 5000 माणसं, वर मुलंबाळं. त्यातले निम्मे गाडी सेंटरवर, म्हणजे बैलगाडीने ऊस आणणारे, कारखान्याजवळ कोप्या (झोपड्या) घालून राहतात असं धरलं, तर माणशी 40 लिटरने रोज 1 लाख लिटर पाणी हवं. म्हणजे 10 हजार लिटरचे 10 टँकर. संडास बांधून कुलूप लागतं ते बहुतेकदा याच कारणाने: पाणी नाही. दुसरं कारण माती. काळ्या जमिनीत शोषखड्डा पाणी जिरवत नाही, तो महिनाभरात तुंबतो. तिथे बंद टाकी बांधायची आणि उपसा करायचा. धुण्याधाण्याला वेगळं पाणी शोधायची गरजही नाही: उसात सत्तर टक्के पाणीच असतं, बाष्पीभवनातून निघालेलं ते पाणी निववून, प्रक्रिया करून वापरता येतं. प्यायचं मात्र वेगळं.

साखरशाळा, म्हणजे या मजुरांच्या मुलांसाठीची शाळा, बऱ्याचदा फसते. पट भरतो, मोठ्या मुली येत नाहीत, कारण आई पहाटे फडावर गेली की तान्हं पोर त्यांच्या काखेला येतं. आधी पाळणाघर, तेही पहाटेपासून, आणि मग शाळा. क्रम उलटा केला की शिक्षकाचा पगार वाया गेलाच म्हणून समजा. डोकी सेंटरच्या, म्हणजे मोळ्या डोक्यावरून ट्रकमध्ये भरणाऱ्या टोळ्या तर गाव बदलत फिरतात, त्यांना एका जागी बांधलेल्या शाळेचा उपयोग नाही. त्यांच्या मुलांसाठी मूळ गावातलं हंगामी वसतिगृह मजबूत करणं बरं. आणि मजुरी मुकादमाच्या, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराच्या हाती एकरकमी जाते, तिथे बाईची मेहनत दिसतच नाही. कोयत्यातल्या दोघांच्या नावे वेगळी चिठ्ठी, त्यावर टन, उचल आणि बाकी, एवढं सुरू करा.

काय खर्चात धरता येत नाही तेही ऐका. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे भरायचे 10 रुपये हे वैधानिक देणं आहे. डिस्टिलरीच्या मळीच्या सांडपाण्याची प्रक्रियाही तशीच. स्वतःच्या ऊसपुरवठादारांना बेणं वाटणं हा धंद्याचा भाग. हे 2 टक्क्यांत दाखवलं तर लेखापरीक्षक विचारणारच. शेजारच्या विहिरीचं पाणी लालसर होत असेल तर जलशुद्धी यंत्र भेट देऊ नका, आधी गळती शोधा.

नाला खोलीकरणाला पैसे द्यायचे असतील तर लांबी 100 मीटर, रुंदी 10, खोली 2 म्हणजे एका भरण्याला 2000 घनमीटर, 20 लाख लिटर. ऐकायला भरपूर वाटतं, पण ऊस किती एकर आहे ते आधी विचारा. तीन मीटरपेक्षा खोल जाऊ नका. खालचा पाणीधर थर उघडा पडला तर वरच्या विहिरी आटतात आणि भांडण तुमच्या दारात येतं. ग्रामसभेचा ठराव, गाळ कोणाच्या शेतात जाणार आणि पुढे दुरुस्ती कोण करणार, हे जेसीबी येण्याआधी कागदावर असू द्या.

उरलेले पैसे? ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर लावा. रात्री दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे दिवा नाही. हंगामातले कितीतरी अपघात त्याचेच. कारखान्याच्या गेटवरच, रिफ्लेक्टर नसेल तर पुढची खेप नाही, असा नियम ठेवला तर पट्ट्यांचा खर्च बाकीच्या तुलनेत किरकोळ आहे.