सात लेयर, चार लेयर आणि बचावाची हद्द

(नेटवर्क सुरक्षेच्या प्रमाणपत्र परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर फोंडा येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार.

नेटवर्कवरून डेटा पाठवण्याचं काम टप्प्यांत, म्हणजे लेयरांत, वाटून दाखवणारी दोन मॉडेलं आहेत: ओएसआय आणि टीसीपी-आयपी. ओएसआयचे सात लेयर (खालून वर फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन, ॲप्लिकेशन) तुमच्यापैकी बहुतेकांना पाठ आहेत, वरून खाली आणि खालून वर. टीसीपी-आयपीचे चारही येतात. दोन्हींची जोडी लावणारा तक्ताही वहीत आहे: वरचे तीन मिळून ॲप्लिकेशन, ट्रान्सपोर्टला ट्रान्सपोर्ट, नेटवर्कच्या जागी इंटरनेट, खालचे दोन मिळून लिंक. सीआयएसएसपी या सुरक्षा प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमात दोन्ही मॉडेलांचा उल्लेख आहे, म्हणजे तक्ता लागणारच. पण सुरक्षेचं काम करणाऱ्याने या तक्त्याकडे एक प्रश्न घेऊन जावं असं मला फार वाटतं, आणि आजचं बोलणं त्याच प्रश्नाभोवती आहे. आपण लावलेला बचाव ज्या लेयरवर उभा आहे, त्याच्या वरचं काय झाकलं गेलं, खालचं काय उघडं राहिलं आणि हा बचाव कुठून कुठपर्यंत टिकतो?

आधी थोडा इतिहास, कारण दोन मॉडेलं का आहेत हे कळलं की अर्धा गोंधळ मिटतो. टीसीपी-आयपी आधी चाललं आणि मग त्याचं वर्णन झालं. विंट सर्फ आणि बॉब कान यांचा मूळ लेख 1974 चा. 1 जानेवारी 1983 रोजी अर्पानेट हे इंटरनेटचं पूर्वरूप जुना प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी बोलण्याचे नियम, सोडून टीसीपी-आयपीवर आलं. चार लेयरांची जी मांडणी आपण शिकतो, ती ऑक्टोबर 1989 च्या आरएफसी 1122 या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजात आहे. म्हणजे सहा वर्षं यंत्रं चालत होती, त्यानंतर लेयरांची नावं नीट लिहिली गेली. ओएसआयचं उलट झालं. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने 1984 मध्ये संदर्भ मॉडेल प्रसिद्ध केलं आणि त्यात बसतील असे प्रोटोकॉल नंतर घडवायला घेतले. अमेरिकी सरकारने 1990 पासून आपल्या खात्यांना ओएसआयची सक्ती केली होती, 1995 मध्ये ती सोडून दिली. तोवर बाजार टीसीपी-आयपीचा झाला होता.

ओएसआय हरलं असं म्हणून पुढे जाणारे शिक्षक मला पटत नाहीत. काही ब्राउझरमध्ये कुलपाचं चिन्ह दिसतं त्यामागचं, साइटची ओळख पटवणारं एक्स-509 प्रमाणपत्र 1988 च्या एक्स-500 या ओएसआयच्या डिरेक्टरीच्या मानकांतून आलं. कंपनीत लॉगिन तपासणारं एलडॅप त्याच कुळातलं. मोठे इंटरनेट पुरवठादार आजही वापरतात तो आयएस-आयएस हा राउटिंगचा, म्हणजे वाट ठरवण्याचा, प्रोटोकॉल ओएसआयसाठीच घडला होता. तो आयपीवर बसत नाही, थेट डेटा लिंकवर चालतो. त्यामुळे दूर कुठेतरी बसलेला माणूस आयपी पॅकेट पाठवून त्याच्याशी बोलू शकत नाही. लेयरची निवड हाच इथे एक बचाव ठरला.

आता चालतं काय ते पाहू. वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरची वाहतूक पकडून दाखवणारा प्रोग्राम, उघडा, ब्राउझरने एखादी साइट उघडा आणि कॅप्चर झालेल्यातली टीएलएसची एक ओळ निवडा. खालच्या चौकटीत पाच ओळी दिसतील: फ्रेम, इथरनेट टू, इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन फोर, ट्रान्समिशन कंट्रोल प्रोटोकॉल, ट्रान्सपोर्ट लेयर सिक्युरिटी (हेच टीएलएस, म्हणजे मजकूर झाकणारं एन्क्रिप्शन). पहिली ओळ वायरशार्कची स्वतःची नोंद आहे, ती तारेवरून आलेली नाही. बाकी चार खऱ्या. यात सेशनची ओळ नाही, प्रेझेंटेशनची नाही. सात शोधायला गेलात तर सापडणार नाहीत.

या चार ओळींत बारकाईने बघा. इथरनेटच्या हेडरमध्ये, म्हणजे मजकुराच्या पुढे जोडलेल्या माहितीत, टाइपचा आकडा आहे 0x0800. त्याचा अर्थ, माझ्या पोटात आयपीव्ही 4 आहे. आयपीच्या हेडरमध्ये प्रोटोकॉलचा आकडा 6, म्हणजे पोटात टीसीपी. टीसीपीमध्ये पोर्ट, म्हणजे कोणत्या सेवेसाठी ते सांगणारा आकडा, 443, म्हणजे वर बहुधा एचटीटीपीएस. प्रत्येक लेयर आपल्या वरच्याचं नाव एका आकड्यात सांगतो आणि त्याच्या मजकुराकडे बघत नाही. मी ‘बहुधा’ म्हटलं ते मुद्दाम. पहिले दोन आकडे खोटे असले तर समोरच्या यंत्राला पॅकेट उलगडताच येणार नाही. पोर्टचं तसं नाही. 443 वर एसएसएच, म्हणजे दूरच्या यंत्रावर लॉगिन करण्याची सोय, चालवता येतं, 53 वरच्या डीएनएस प्रश्नांतून (साइटच्या नावावरून पत्ता विचारणाऱ्या) चोरलेला डेटा थोडा थोडा बाहेर नेता येतो. नुसते पत्ते आणि पोर्ट बघणारा फायरवॉल हे सगळं सोडून देईल, कारण त्याला सांगितलेलं काम त्याने चोख केलेलं आहे. म्हणून ‘आमच्याकडे फायरवॉल आहे’ असं कुणी म्हणालं की लगेच विचारा, तो कितव्या लेयरपर्यंत वाचतो?

आता बचावाच्या हद्दीकडे येतो. समजा कुणी मडगावहून दिवाडीला निघालं. मडगाव ते पणजी एक बस, पणजी ते जुने गोवे दुसरी, पुढे फेरीबोट. वाहनं तीन, प्रवासी एकच. फ्रेम म्हणजे ते वाहन: प्रत्येक राउटरपाशी जुनी फ्रेम काढून नवी घातली जाते, पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा असे दोन्ही मॅक पत्ते (नेटवर्क कार्डांचे पत्ते) बदलतात. पॅकेट म्हणजे प्रवासी: वाटेत नॅट, म्हणजे आयपी पत्ता बदलणारी सोय, नसेल तर आयपी पत्ते पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच. आता डेटा लिंकवर एन्क्रिप्शन लावलं, उदाहरणार्थ मॅकसेक, तर आतला आयपी पत्तासुद्धा झाकला जातो. मात्र पुढच्या टप्प्यावर सगळं उघडतं आणि पुन्हा झाकावं लागतं. मधलं प्रत्येक यंत्र विश्वासाचं हवं. टीएलएस लावलं तर मधल्या कुणालाही मजकूर दिसत नाही, अगदी टोकापासून टोकापर्यंत. पण आयपी पत्ते, पोर्ट आणि साधारणपणे साइटचं नावसुद्धा उघड्यावर जातं. नेटवर्क लेयरवर एन्क्रिप्शन करणारं आयपीसेक या दोहोंच्या मध्ये: मडगावची शाखा आणि पणजीचं मुख्य कार्यालय यांच्यात टनेल टाकला की आतले पत्ते झाकले जातात, पण फक्त एका गेटवेपासून दुसऱ्या गेटवेपर्यंत. त्यापुढे कार्यालयाच्या आत पॅकेट पुन्हा उघडं.

खाली लावलेला बचाव जास्त झाकतो पण थोडंच अंतर टिकतो. वर लावलेला लांबवर टिकतो पण कमी झाकतो. तुमच्या पुस्तकात लिंक एन्क्रिप्शन आणि एंड-टू-एंड एन्क्रिप्शन अशा नावांनी हेच शिकवलं आहे, फक्त ते क्रिप्टोग्राफीच्या प्रकरणात असतं आणि लेयर नेटवर्कच्या प्रकरणात. दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचा.

हा विचार ओएसआयवाल्यांनी लिहूनही ठेवला होता. 1989 चा आयएसओ 7498-2 हा भाग सुरक्षेसाठीच आहे, पुढे 1991 मध्ये तोच एक्स-800 म्हणून आला. ओळख पटवणं, प्रवेशावर नियंत्रण, गोपनीयता, अखंडता आणि नंतर नाकारता न येणं, या पाच सेवा कोणत्या लेयरवर देता येतात याचा एक तक्ता त्यात आहे. मला तो तक्ता अतिशय आवडतो. सेशन लेयरच्या रकान्यात काहीच नाही, तिथे एकही सुरक्षा सेवा ठेवलेली नाही. नाकारता न येण्याची सेवा फक्त सातव्या लेयरवर. कारण सरळ आहे: ‘हा करार मी केला’ याचा पुरावा मजकुरालाच चिकटलेला हवा, तार किंवा पॅकेट तो देऊ शकत नाही. टीएलएस कितीही भक्कम असलं तरी जोडणी संपल्यावर तुमच्या हातात सहीचा कागद उरत नाही. त्यासाठी दस्तऐवजावर डिजिटल सही लागते. डेटा लिंकच्या रकान्यात त्यांनी फक्त गोपनीयता दिली होती. नंतर मॅकसेकने तिथे अखंडता आणली, 802.1 एक्सने ओळख पटवणं आणलं. तक्ता कुठे जुना झाला हे शोधणं हाच उत्तम अभ्यास आहे.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. कळंगुटला एक लहान गेस्टहाउस आहे असं समजा. पाहुण्यांचं वायफाय, रिसेप्शनचा बिलिंगचा संगणक आणि सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारा डीव्हीआर, तिन्ही एकाच स्विचवर, व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेले वेगळे भाग) नाही. वायफायचा पासवर्ड काउंटरवर लावलेला. लॉबीत बसलेला एक पाहुणा एआरपीचे, म्हणजे आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधण्याच्या प्रोटोकॉलचे, खोटे निरोप सोडतो: ‘गेटवेचा आयपी पत्ता माझ्या मॅकवर आहे.’ गेटवेलाही तो सांगतो, ‘बाकीच्यांचे आयपी पत्ते माझ्या मॅकवर आहेत.’ एआरपी 1982 चा, त्यात ओळख पटवण्याची सोयच नाही, त्यामुळे सगळी यंत्रं विश्वास ठेवतात आणि आत-बाहेर जाणारी वाहतूक त्याच्या लॅपटॉपमधून जाऊ लागते. आता काय सुरक्षित राहिलं? बुकिंगची साइट टीएलएसवर असल्याने कार्डाचा नंबर सुरक्षित राहिला. काय गेलं? साधे डीएनएस प्रश्न दिसले. मालक घरून डीव्हीआर बघतो ते पान साध्या एचटीटीपीवर असेल तर त्याचा पासवर्ड गेला. वायफायच्या एन्क्रिप्शनचा उपयोग नाही, कारण ते ॲक्सेस पॉइंटपर्यंतच टिकतं आणि हल्लेखोर त्याच्या आतल्या बाजूला आहे. हल्ला दुसऱ्या लेयरवरचा, म्हणून इलाजही तिथेच: पाहुण्यांचा व्हीलॅन वेगळा, ॲक्सेस पॉइंटवर क्लायंट आयसोलेशन (पाहुण्यांची यंत्रं एकमेकांपासून तोडणं), स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग आणि डायनॅमिक एआरपी इन्स्पेक्शन (कुणाला कोणता पत्ता दिला याची नोंद ठेवून खोटे एआरपी निरोप अडवणं). सातव्या लेयरसाठी महागडं वेब ॲप्लिकेशन फायरवॉल विकत घेऊन हा हल्ला थांबत नाही. डीव्हीआरचं पान मात्र एचटीटीपीएसवर न्यायलाच हवं, कारण ती उणीव वरची आहे.

हे बोलताना मी लेयरांचे आकडे ओएसआयचे वापरले आणि यंत्रं टीसीपी-आयपीची. सगळेच तसं बोलतात. ‘लेयर टू स्विच’, ‘लेयर सेव्हन हल्ला’ हे आकडे ओएसआयचे, टीसीपी-आयपीत सातवा लेयर नाहीच.

काही गोष्टी कुठल्याच रकान्यात नीट बसत नाहीत आणि परीक्षेत त्यांनीच घाम फुटतो. आरएफसी 1122 एआरपीची चर्चा लिंक लेयरच्या प्रकरणात करतं. ओएसआयवरची पुस्तकं कुणी त्याला दुसऱ्यावर ठेवतं, कुणी तिसऱ्यावर. आयसीएमपी, म्हणजे नेटवर्कवरच्या चुका कळवणारा प्रोटोकॉल, आयपीच्या पोटातून प्रवास करतं, तरी ते नेटवर्क लेयरचंच मानतात. पॅकेटांना लेबल लावून पुढे धाडणाऱ्या एमपीएलएसला लोक अडीचवा लेयर म्हणतात. टीएलएसच्या नावात ट्रान्सपोर्ट आहे, बसतं मात्र टीसीपीच्या वर. टीसीपी-आयपीत उत्तर सोपं: ट्रान्सपोर्ट आणि ॲप्लिकेशनच्या मध्ये. ओएसआयत प्रश्न एन्क्रिप्शनच्या कामाबद्दल असेल तर प्रेझेंटेशन, काही पुस्तकं नावावरून ट्रान्सपोर्ट देतात. प्रश्नात मॉडेलचं नाव लिहिलंय का आणि पर्याय कोणते आहेत, हे आधी बघा. पर्यायांमध्ये ‘इंटरनेट’ किंवा ‘लिंक’ दिसलं तर प्रश्न चार लेयरांचा आहे.

क्विक या नव्या ट्रान्सपोर्ट प्रोटोकॉलने तर लेयरांमधल्या भिंतीच हलवल्या. मे 2021 च्या आरएफसी 9000 मध्ये ते प्रमाणित झालं. ते यूडीपी या पोचण्याची हमी न देणाऱ्या साध्या प्रोटोकॉलवर चालतं, टीसीपी देतं ती हमी स्वतः देतं आणि टीएलएस 1.3 त्याच्या आतच विणलेलं आहे. टीसीपीच्या हेडरमधले क्रमांक आणि फ्लॅग वाटेतल्या कुठल्याही यंत्राला वाचता येत होते, क्विकने त्यातलं बहुतेक सगळं झाकलं. ग्राहकाच्या दृष्टीने हे चांगलंच. पण टीसीपी 443 तपासणाऱ्या फायरवॉलच्या शेजारून यूडीपी 443 निघून जातं. म्हणून अनेक ठिकाणी ॲडमिन ते बंद करतात, मग ब्राउझर मुकाट टीसीपीवर येतो. नेटवर्क तपासणारे तुम्हीच असाल तर हा निर्णय तुम्हाला विचारपूर्वक घ्यावा लागेल.

पुढच्या तासाला आपण 802.1 एक्सचं प्रात्यक्षिक करू. लॅपटॉपला आयपी पत्ता मिळण्याआधीच ओळख पटवण्याच्या फ्रेम जातात, त्यांचा टाइप 0x888E. स्विच मात्र त्याच वेळी ओळख तपासणाऱ्या रेडियस सर्व्हरशी यूडीपी 1812 वर बोलत असतो. लॅपटॉपच्या बाजूने एक कॅप्चर घ्या, सर्व्हरच्या बाजूने दुसरं, आणि दोन्हींत कोणता हेडर आहे आणि कोणता नाही ते लिहून आणा.