दोन आठवड्यांचं सिमेंट

(दृश्य: दाढेतला खड्डा, अगदी जवळून. आत पांढरा लगदा भरला जातो.)

कीड खरवडून काढलीय. तळाशी उरलाय डेंटिनचा, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण भागाचा, पातळ थर आणि त्याच्या पलीकडे लगेच नस. आज इथे कायमचं काही भरायचं नाही. नस शांत होते की ठणका धरते, हे आधी पाहायचंय. म्हणून हा लगदा. भरला, दाबला, ओल्या कापसाच्या बोळ्याने कडा सारख्या केल्या. ‘तासभर या बाजूने काही चावू नका,’ एवढं सांगून डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळतात.

तात्पुरतं फिलिंग तोंडात साधारण एक-दोन आठवडे राहतं, कधी बरंच जास्त. त्याच्याकडून मागणं दोनच गोष्टींचं: लाळ आणि जंतू आत शिरू द्यायचे नाहीत, आणि वेळ आली की मुकाट्याने निघून यायचं. एवढे दिवस नसेच्या इतक्या जवळ बसून त्याने दाताचं काही भलंही करावं, असा आग्रह फार उशिरा सुरू झाला. आपण ज्या प्रयोगशाळेत जाणार आहोत, तिथे नेमका तोच धरलाय: तात्पुरत्या फिलिंगमध्ये एका खास काचेची पूड मिसळून बघतायत.

(दृश्य: काचेची पट्टी. पुडीचा ढीग, बाजूला तेलाचे थेंब. स्पॅच्युला फिरतोय.)

त्याआधी जुनं सिमेंट. ही झिंक ऑक्साइडची पूड आणि हे युजेनॉल, लवंगेच्या तेलातला मुख्य घटक. दातांच्या दवाखान्यात शिरल्याशिरल्या जो वास येतो, तो बराचसा याचाच. ही जोडी एकोणिसाव्या शतकापासून वापरात आहे. पूड एकदम ओतायची नाही, थोडी थोडी तेलात ओढत घोटायची. स्पॅच्युलावर हाताचा चांगला जोर लागतो, इथे दिसतोय तसा. युजेनॉल जस्ताला घट्ट धरतं आणि लगदा आवळत जातो.

थोड्या मात्रेत युजेनॉल ठणका शमवतं, जंतूंनाही आवरतं. शंभराहून जास्त वर्षं टिकलेली गोष्ट उगाच टिकत नाही. पण उघड्या नसेला ते थेट लागलं तर पेशींना जाचतं. त्याचा अंश मागे राहिला तर वर भरायचं कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं कायमचं फिलिंग, नीट कडक होत नाही. आणि दाताचं गेलेलं खनिज ते परत देत नाही. आमची तक्रार खरं तर या शेवटच्या गोष्टीबद्दल आहे.

(दृश्य: भट्टीच्या पडद्यावर चढत जाणारे आकडे.)

ती खास काच वितळवायला भट्टी १३५० अंश सेल्सिअसच्या वर न्यायची आहे. त्याला वेळ लागतो, तोवर थोडं मागे जाऊ.

१९६७. फ्लोरिडा विद्यापीठातले लॅरी हेंच बसने एका लष्करी परिषदेला निघाले होते. त्यांचा विषय काच आणि सिरॅमिकचा, औषधाशी संबंध नाही. शेजारी बसले होते व्हिएतनामहून परतलेले एक कर्नल. गप्पांच्या ओघात कर्नलनी विचारलं, की शरीर ज्याला परकं मानून दूर लोटणार नाही असा पदार्थ करता येईल का? जखमी सैनिकांच्या शरीरात बसवलेले धातू आणि प्लॅस्टिक शरीर स्वीकारत नव्हतं, हे ते पाहून आले होते. त्या बसमधलं चित्रीकरण अर्थातच आपल्याकडे नाही, तेव्हा भट्टीच पाहत राहा.

हाडात कॅल्शियम आणि फॉस्फेट असतं, मग काचेतच ते घातलं तर? हेंच यांनी ठरवलेलं प्रमाण आजही तसंच वापरलं जातं: वजनाने ४५ टक्के सिलिका, २४.५ टक्के कॅल्शियम ऑक्साइड, तितकाच सोडियम ऑक्साइड आणि ६ टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइड. १९६९ मध्ये या काचेचे तुकडे उंदरांच्या हाडात बसवले. सहा आठवड्यांनी ते काढायला गेले, तर निघेनात. हाडाने काचेला धरून ठेवलं होतं.

(दृश्य: मूस बाहेर येते. नारिंगी धार थंड पाण्यात. तडतड.)

(निवेदन थांबतं. मूळ आवाज राहू द्यावा.)

काच अशी पाण्यात ओतली की जागच्या जागी फुटते. हे खडे मग बॉल मिलमध्ये जातात, दळून चाळले जातात, आणि हाती येते ही पिठासारखी मऊ पूड.

खिडकीच्या काचेत सिलिका सत्तर टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणून ती पावसापाण्यात वर्षानुवर्षं तशीच राहते. या काचेची वीण मुद्दाम सैल ठेवलीय. ओल लागली की सोडियम बाहेर पडतं आणि आजूबाजूचा सामू (pH) वर चढतो, म्हणजे आम्लपणा कमी होतो. कीड करणाऱ्या जंतूंना हवं असतं आम्ल, त्यांना ही जागा मानवत नाही. कणावर सिलिकाचा ओलसर थर उरतो, त्यावर कॅल्शियम आणि फॉस्फेट साचत जातं आणि हळूहळू ॲपेटाइटचे स्फटिक धरतात. दात ज्या खनिजाचा बनलाय, त्याच्याच घराण्यातलं हे खनिज.

(दृश्य: इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. आधी गुळगुळीत कण, मग खरबरीत गोळ्यांनी भरलेला पृष्ठभाग.)

डावीकडे कोरी पूड. उजवीकडे तीच पूड, रक्तद्रवासारखे क्षार असलेल्या द्रावणात, ३७ अंशांवर ठेवून काढलेली. हे द्रावण जपानच्या कोकुबो यांनी बसवलेलं, जगभर याच कामासाठी वापरतात. बाटलीत लाळेतली प्रथिनं नसतात, जंतूही नसतात, त्यामुळे तोंडात हुबेहूब असंच होईल असं कुणी म्हणत नाही. पण चित्र सुरेख आहे.

(दृश्य: छोट्या साच्यांत भरलेला लगदा. वजन लावलेली सुई.)

अडचण आता सुरू होते. काचेने काम करायचं तर तिला थोडं विरघळावं लागतं, आणि फिलिंगने विरघळायचं नसतं. फिलिंगच्या लगद्यात काचेची पूड जास्त घातली की तो ठिसूळ होतो. कमी घातली तर तिचा गुण दिसत नाही. ही सुई ठरावीक वजनाने टेकवतात. खूण उमटली तर सिमेंट अजून ओलं आहे. तयार झालेली ४ मिलिमीटर व्यासाची, ६ मिलिमीटर उंचीची नळकांडी मग यंत्रात दाबून फोडतात.

(दृश्य: काढलेले दात. निळं द्रावण. पाती दाताचे उभे दोन भाग करते.)

पाहायला सगळ्यात मजेची चाचणी मात्र ही. उपटलेल्या दातात फिलिंग भरतात. मग तो दात ५ अंशांच्या पाण्यात, तिथून ५५ अंशांच्या, पुन्हा ५ च्या, असा फिरवत राहतात. तोंडात गार-गरम चालूच असतं. शेवटी मिथिलीन ब्लूमध्ये ठेवून उभा कापतात. या दातात निळी रेघ कडेला जेमतेम शिरून थांबलीय. या दुसऱ्यात ती सरळ तळाला पोचलीय, म्हणजे फिलिंग असून नसल्यासारखं. काचेचं प्रमाण या दुसऱ्यात जास्त होतं.

काचेची पूड घातलेल्या या फिलिंगचा सगळ्यात जास्त उपयोग होईल तो खोल किडीत. तिथे नसेवरचा शेवटचा मऊ थर डॉक्टर मुद्दाम राहू देतात, वर घट्ट बंद करतात आणि काही महिन्यांनी पुन्हा उघडतात. बऱ्याचदा तो थर सुकून कडक झालेला सापडतो. नस वाचते, रूट कॅनाल टळतं. पेशींवरच्या चाचण्या आणि त्यानंतर माणसांवरच्या अजून बाकी आहेत. ठरलेल्या दिवशी पेशंट परत आलाच नाही तर काय, हा प्रश्न कुठल्याच सिमेंटने सोडवलेला नाही.

(दृश्य: नमुन्याच्या दातातून हत्याराने फिलिंग उकरणारे हात.)

उकरून काढायची ही चाचणी बाहेरून आलेल्या डॉक्टर करतायत. फिलिंग निघालं, फार ताकद लागली नाही. त्यांची तक्रार वेगळीच आहे: रंग इतका दातासारखा, की फिलिंग कुठे संपतं आणि दात कुठे सुरू होतो ते कळत नाही, हत्यार चांगल्या डेंटिनवरही चालेल. पुढच्या मिश्रणात थोडा गुलाबी रंग घालून बघणार आहेत.