इंजिनाआधी प्रोपेलर

मंडळी, रिमोटवर उडणाऱ्या विमानाचं नवं मॉडेल बांधायला घेतलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: इंजिन कोणतं घ्यायचं? कसरतीचं विमान असेल तर हा प्रश्न थोडा मागे ठेवा. आधी दोन गोष्टी पक्क्या करा. उडायला तयार झालेलं विमान किती वजनाचं होणार? आणि सरळ वर चढताना आणि सरळ खाली येताना त्याचा वेग जवळपास सारखा कसा ठेवायचा? लूप, म्हणजे हवेतलं उभं वर्तुळ, गोल दिसतो तो या सारख्या वेगामुळे. आणि वेग हातात ठेवायचं काम मुख्यतः प्रोपेलर करतो.

आकड्यांतच बघू. १२×६ चा प्रोपेलर म्हणजे व्यास १२ इंच, पिच ६ इंच. हवेत न घसरता फिरला तर एका फेरीत ६ इंच पुढे जाईल. मिनिटाला १०,००० फेरे धरा, वेग येतो ताशी सुमारे ९१ किलोमीटर. तेवढ्याच फेऱ्यांना ११×८ चा हिशेब १२२ वर जातो. इंजिनावरचा भार ढोबळमानाने व्यासाच्या चौथ्या घातानुसार आणि पिचच्या प्रमाणात वाढतो. मांडून बघा, हे दोन्ही प्रोपेलर इंजिनाला जवळजवळ सारखेच जड निघतात. पण १२×६ कमी वेगातही जोरात ओढतो, आणि थ्रॉटल खाली घेऊन नाक जमिनीकडे केलं की त्याची मोठी चकती ब्रेकसारखी लागते. ११×८ लावलेलं विमान तिथे सुसाट सुटतं. शर्यतीला तो उत्तम, कसरतीला नको.

जमिनीवर मोजलेली ओढ विमानाच्या वजनाच्या निदान दीडपट असावी असं मी धरतो, कारण वेग वाढला की ओढ कमी होत जाते.

आता इंजिन. टू-स्ट्रोक ग्लो इंजिन (मेथॅनॉलचं इंधन तापलेल्या प्लगने पेटवणारं) हलकं आणि साधं. फोर-स्ट्रोक मोठा प्रोपेलर कमी फेऱ्यांवर फिरवतं, म्हणून कसरतीला मला तेच जास्त आवडतं. मात्र तेवढ्याच ताकदीसाठी ते मोठ्या क्षमतेचं घ्यावं लागतं. एफ३ए, म्हणजे रिमोटच्या विमानांच्या आंतरराष्ट्रीय कसरत स्पर्धांच्या जुन्या नियमात टू-स्ट्रोकला १० सीसी आणि फोर-स्ट्रोकला २० सीसी मुभा होती, ती त्यासाठीच. विजेची मोटर घेणार असाल तर विमानाच्या वजनाच्या किलोमागे ३३० ते ४४० वॅट धरा. बॅटरी संपत आली तरी तिचं वजन घटत नाही, त्यामुळे गुरुत्वमध्य जागचा हलत नाही. टाकीत इंधन असलं की ही सोय नसते.

टाकीवर मात्र थांबायलाच हवं. इंजिन हवेत बंद पडलं की लोक कार्ब्युरेटरची (इंधनाचं प्रमाण ठरवणारी) सुई फिरवत बसतात, आणि दोष बहुतेकदा टाकीत असतो. साध्या ग्लो कार्ब्युरेटरला इंधन ओढायला पंप नसतो. मफलरचा दाब आणि टाकीची उंची यांवरच सगळं चालतं. टाकीची मध्यरेषा सुईच्या पातळीला किंवा किंचित खाली ठेवा. ती फार वर-खाली असेल तर सुलट उडताना जुळवलेलं मिश्रण विमान उलटं होताच बदलतं. आतलं क्लंक, म्हणजे इंधन ओढणाऱ्या नळीच्या टोकाचं वजन, सगळ्या बाजूंना मोकळं फिरायला हवं, पण मागच्या भिंतीला टेकता कामा नये. ग्लो इंधनाला सिलिकॉनची नळी चालते. पेट्रोलमध्ये ती फुगून खराब होते, तिथे पेट्रोलला टिकणारीच नळी घ्या. पेट्रोल इंजिनांच्या कार्ब्युरेटरमध्ये सहसा पडद्याचा पंप असतो, म्हणून त्यांची टाकी गुरुत्वमध्याजवळ ठेवता येते.

सर्व्होत, म्हणजे विमानाच्या हलत्या पट्ट्या फिरवणाऱ्या छोट्या मोटरींत, काटकसर करू नका. वेग दीडपट झाला की एलिव्हेटरवरचा (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या पट्टीवरचा) हवेचा जोर सव्वादोनपट होतो. पण नुसता ताकदवान सर्व्हो पुरत नाही, जोडणी बघा. सर्व्होच्या हाताचं आतलं भोक आणि हॉर्नचं (पट्टीवर बसवलेल्या दांडीचं) बाहेरचं भोक घेतलं की ताकद वाढते आणि ढिलाई कमी होते. लांब हात लावून ट्रान्समीटरवर हालचाल निम्मी करणं चुकीचं. त्यात ताकदही जाते आणि बारकावाही. एलेरॉनमध्ये (पंखाच्या मागच्या कडेच्या पट्टीत) ढिलाई राहिली तर वेगात ते फडफडायला लागतं, आणि त्या फडफडीने पंख काही क्षणांत मोडू शकतो. म्हणून प्रत्येक उड्डाणाआधी सर्व्हो चालू ठेवून पट्टीची कड बोटांत धरा, हलवून बघा. खटखट लागली तर बिजागरी, पिन आणि हॉर्न याच क्रमाने तपासा, आणि कारण सापडेपर्यंत विमान जमिनीवरच राहू द्या.