पोचलीस की सांग

श्रोतेहो, नमस्कार.

मी साताऱ्यात एका शाळेत गणित शिकवते. वय 46. या वर्षी सातारा हिल हाफ मॅरेथॉन मी पहिल्यांदाच पुरी केली. 2 तास 51 मिनिटं लागली आणि त्या प्रत्येक मिनिटाचा मला अभिमान आहे. पण आज मी इथे आले ती आभार मानायला. घरच्यांचे मानून झाले. बाकीच्यांची मला नावंही ठाऊक नाहीत, आणि त्यांच्यापर्यंत पोचायला माझ्याकडे रेडिओशिवाय दुसरी वाट नाही.

आधी घरचं थोडं सांगते. जानेवारीत सुरुवात केली तेव्हा दोन किलोमीटरला धाप लागायची. शाळेतल्या एक बाई आणि मी पहाटे अजिंक्यताऱ्याचा चढ धरायचो, थोडं पळायचं, थोडं चालायचं. मार्चमध्ये पिंडऱ्या इतक्या भरून आल्या की मी बूट काढून ठेवले. सासूबाईंचं माहेर माण तालुक्यातलं. त्या म्हणाल्या, "आमच्या मोहीची ललिता ऑलिंपिकला पळाली, आणि तू किल्ल्याला घाबरतेस?" ललिता बाबर 2016 साली रिओला 3000 मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावल्या, तेव्हा सासूबाई टीव्हीसमोर बसून होत्या. त्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी माझे बूट दाराशी पुसून ठेवलेले दिसले. तेव्हापासून दर रविवारी साडेचारला स्वयंपाकघरात दिवा लागायचा. दोन उकडलेली रताळी आणि कोमट पाणी. त्यांचे गुडघे दुखतात, ओट्याला धरून उभ्या राहतात. मी कितीदा सांगितलं, आई, मी करून घेते. ऐकलं नाही.

आता शर्यतीचा दिवस. 2012 पासून ही शर्यत होते आहे. पोलीस परेड ग्राउंडवरून निघायचं, पोवई नाका, समर्थ मंदिर, तिथून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि वळसा घालून त्याच वाटेनं खाली यायचं. एकूण अंतर 21 किलोमीटर आणि आणखी शंभरेक मीटर. त्या दिवशी घाटात धुकं होतं, पाऊस भुरभुरत होता. गावात दारादारांत लोक उभे. ढोल वाजत होते, पोरं हात पुढे करून टाळ्या मागत होती. आपल्याच गावात, रोज भाजी आणतो त्या रस्त्यावर, लोक आपल्यासाठी ओरडतात तेव्हा छातीत काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही.

घाटात मात्र गर्दी विरळ होते. तिथे एका वळणावर एक आजी उभ्या होत्या. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, हातात स्टीलची ताटली, ताटलीत लिंबाच्या फोडी आणि मीठ. मी थांबले. त्यांनी फोड मिठात दाबून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "दमानं जा बाय. घाट कुठं पळून जात न्हाई."

लोकांना वाटतं चढ अवघड. चढात दम लागतो, हे खरं. पण पाय जातात ते उतारावर. उतरताना प्रत्येक पावलाला अख्खं वजन मांडीच्या पुढच्या स्नायूंवर येतं, आणि तेही ते ताणले जात असताना. आमच्या धावण्याच्या ग्रुपमधल्या जुन्या धावपटूंनी हे सांगितलं होतं. पटलं सोळाव्या किलोमीटरला. डाव्या पोटरीत असा गोळा आला की मी रस्त्याच्या कडेला कठड्याशी बसलेच. डोळ्यांतून पाणी आलं. आता संपलं, असं वाटलं.

मागून एक मुलगा आला, पंचविशीतला असेल. तो चांगल्या वेगात होता. तो थांबला. काही न विचारता माझ्यासमोर चिखलात गुडघा टेकला, माझी टाच एका हातात धरली आणि दुसऱ्या हाताने चवडा हळूहळू माझ्याकडे दाबत राहिला. मी म्हटलं, "अरे, तुझी वेळ जातेय." तो म्हणाला, "जाऊ दे ताई, आधी पाय सुटू दे." तीन मिनिटं तरी गेली असतील. गोळा सुटल्यावर त्याने मनगटाचा निळा रुमाल सोडून माझ्या पोटरीला बांधला आणि धुक्यात निघून गेला. वर्षभर सराव करून माणूस एकेका मिनिटासाठी झगडतो, हे मला आता कळतं. त्याने तीन दिली. बाळा, तू ऐकत असशील तर तुझा रुमाल माझ्याकडे आहे. धुऊन, इस्त्री करून ठेवलाय.

पाण्याच्या टेबलावर भिजत उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलींनो, बंदोबस्ताच्या पोलीस दादांनो, तुमचेही आभार. समर्थ मंदिराजवळ कुणीतरी छातीवरच्या बिबवरचं, म्हणजे नंबरच्या कागदावरचं, माझं नाव वाचून हाक मारली होती, "आता उतारच आहे मॅडम!" तो आवाज अजून कानात आहे.

परेड ग्राउंडवर सासूबाई खुर्ची आणून बसल्या होत्या. पदक मी त्यांच्या गळ्यात घातलं. त्यांनी ते हातात धरून वजन बघितलं आणि लगेच पिशवीतून रताळ्याचा डबा काढला.

एक राहिलं. उतरताना ते वळण पुन्हा आलं होतं, माझ्या पोटरीत गोळा येण्याच्या थोडं आधी. आजी तिथेच होत्या, ताटली जवळजवळ रिकामी. लेक सासरी निघाल्यावर आई म्हणते, तशा त्या मागून म्हणाल्या, "नीट उतर गं. पोचलीस की सांग."

माझ्याकडे फोन नव्हता, त्यांचं घर ठाऊक नाही. नंतर दोन रविवार त्या वळणावर जाऊन आले, भेट झाली नाही.

आजी, मी पोचले.

नमस्कार.