एलीने शमुवेलाला परत का पाठवलं? | ख्रिस्ती जीवनात आध्यात्मिक मार्गदर्शक

[पडद्यावर: 1 शमुवेल 3]

रात्रीची वेळ आहे. देवाचा दिवा अजून मालवलेला नाही. देवाच्या मंदिरात सेवा करणारा मुलगा शमुवेल धावत म्हाताऱ्या याजक एलीकडे येतो. "मी आलो, तुम्ही हाक मारलीत ना?" एली म्हणतो, "नाही रे बाळा. जा, झोप." असं दोनदा होतं. तिसऱ्यांदा पोरगा पुन्हा समोर उभा राहतो, तेव्हा कुठे म्हाताऱ्या एलीच्या लक्षात येतं की याला परमेश्वर हाक मारतोय.

आता एली काय करतो ते नीट बघा. "देवाला काय म्हणायचंय ते मी विचारून सांगतो" असं तो म्हणत नाही. उठून शमुवेलाबरोबर जातही नाही. त्याला एक वाक्य शिकवतो, "हे परमेश्वरा, बोल, तुझा दास ऐकत आहे," आणि त्याच्या अंथरुणावर परत पाठवतो.

आध्यात्मिक मार्गदर्शन, ज्याला मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, हल्ली सर्रास मेंटरिंग म्हणतात, त्याचं सगळं मर्म या एका रात्रीत आहे. बोलणारा परमेश्वर आणि ऐकणारा शमुवेल. मधल्या माणसाने आवाज ओळखायला मदत करायची आणि बाजूला व्हायचं.

एली आदर्श माणूस होता असंही नाही. नजर मंदावलेली, मुलं हाताबाहेर गेलेली, आणि त्यांना त्याने वेळीच आवरलं नव्हतं. त्या रात्री शमुवेलाला मिळालेला निरोप एलीच्याच घराण्याविरुद्ध होता. तरी सकाळी तो मुलाला म्हणतो, माझ्यापासून काही लपवू नकोस. ऐकून घेतो आणि मान तुकवतो. "मी कुठे एवढा पवित्र, मी कोणाला काय शिकवणार" म्हणून मागे राहणाऱ्या ज्येष्ठ विश्वासणाऱ्यांनी हा अध्याय पुन्हा एकदा वाचावा, अशी आमची मनापासून विनंती आहे.

आता एक प्रश्न हमखास येतो. पवित्र आत्मा आहे, पवित्र शास्त्र आहे, मग मध्ये माणूस कशाला?

याचं उत्तर बायबलच्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात आहे, 18वा अध्याय. अपुल्लो आलेक्सांद्रियाचा, वक्तृत्वात पटाईत, शास्त्रात प्रवीण, आत्म्याने आवेशी. तो इफिसच्या सभास्थानात बोलतो तेही बरोबर बोलतो. फक्त त्याला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या, म्हणजे पश्चात्तापाच्या, बाप्तिस्म्यापुढचं माहीत नाही. ही उणीव त्याची त्याला दिसणं शक्यच नव्हतं, कारण जे आपल्याला ठाऊकच नाही ते आपण शोधणार कसं? प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या तंबू शिवणाऱ्या जोडप्याला ते कळलं. त्यांनी भर सभेत त्याला थांबवलं नाही. आपल्याकडे नेलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. उपदेश शंभर जणांसाठी असतो, तो तुमच्या नेमक्या उणिवेवर बोट ठेवेलच असं नाही. ते काम समोरासमोर बसूनच होतं.

मग असा माणूस शोधायचा कसा?

सगळ्यात चांगला वक्ता बघू नका. तो माणूस घरी कसा वागतो, पैशाच्या बाबतीत कसा आहे, त्याची चूक दाखवल्यावर त्याचा चेहरा कसा होतो, हे बघा. ही शेवटची गोष्ट आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची. ज्याला स्वतःला कोणी विचारणारा नाही, त्याच्या हाती आपलं मन देऊ नये. बाईने बाईबरोबर आणि पुरुषाने पुरुषाबरोबर बसावं. तीताच्या पत्राचा 2रा अध्याय वडीलधाऱ्या स्त्रियांवर तरुण स्त्रियांना शिकवण्याची जबाबदारी टाकतो, त्यामागचं शहाणपण आजही तेवढंच खरं आहे.

विचारताना एक चूक बहुतेक जण करतात. थेट म्हणतात, "तुम्ही माझे मेंटर व्हाल का?" समोरचा दचकतो. किती दिवस, किती वेळ, नेमकं काय करायचं, त्याला काहीच कळत नाही, म्हणून तो "प्रार्थना करून सांगतो" म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. त्याऐवजी मोजकं मागा. "माझी प्रार्थना कोरडी झाली आहे. पुढचे 3 महिने, पंधरा दिवसांतून एकदा, एक तास माझ्याबरोबर बसाल का?" म्हणजे झाल्या 6 भेटी. सहाव्या भेटीत दोघांनी मोकळेपणाने ठरवायचं, पुढे जायचं की इथे थांबायचं. शेवट आधीच ठरलेला असला की सुरुवात करायला कोणी घाबरत नाही, आणि जमलं नाही तर कोणाला तोंड लपवावं लागत नाही.

[पडद्यावर: एका तासाची भेट]

भेटीचा तास कसा वापरायचा? पहिली 5 मिनिटं प्रार्थना आणि शांतता. मग 20 मिनिटं गेल्या पंधरा दिवसांबद्दल: ठरवलं होतं त्याचं काय झालं, देव कधी जवळ वाटला, कधी दूर. 15 मिनिटं शास्त्रभाग, दहा-पंधरा वचनांपेक्षा मोठा नको, आणि दोघांनीही घरून वाचून आणलेला. 10 मिनिटांत पुढचं एकच पाऊल ठरवायचं. शेवटची 10 मिनिटं एकमेकांसाठी प्रार्थना, हो, मार्गदर्शकासाठीसुद्धा. घड्याळ लावून बसा असं नाही. पण प्रमाण सांभाळा, नाहीतर पाऊण तास गप्पांत जातो आणि प्रार्थना दारात उभ्या उभ्या होते.

या तासातला सगळ्यात अवघड भाग ऐकण्याचा. एक प्रसंग कल्पना करून बघू. तरुण म्हणतो, "प्रार्थना होत नाही." घाईतला मार्गदर्शक म्हणेल, "विश्वास कमी पडतोय, उपास कर." जाणता विचारेल:

"शेवटची मनापासून प्रार्थना कधी झाली होती?"

"आई आजारी होती तेव्हा. रोज गुडघे टेकायचो."

"मग?"

"ती गेली."

इथे थांबायचं. अर्धा मिनिट कोणी काही बोललं नाही तरी चालेल. लगेच रोमकरांस 8:28 काढून "सगळं बऱ्यासाठीच होतं" म्हणू नका. वचन खरंच आहे, पण ते या क्षणी फेकलं तर दार बंद होतं. हा मुलगा वेळेअभावी प्रार्थनेपासून दुरावलेला नाही. त्याने देवाला काही विचारलं होतं आणि उत्तर ऐकून तो गप्प झाला आहे. त्याला उपासाचं वेळापत्रक देऊन उपयोग नाही. त्याला 13वं स्तोत्र द्या. सहाच वचनांचं आहे, आणि सुरुवातीलाच दावीद देवाला चार वेळा विचारतो, किती काळ? एवढं उघड विचारणंही प्रार्थनाच असते, हे त्याला त्याच्या तोंडाने वाचून कळू द्या. पुढचं पाऊल एवढंच: येत्या पंधरा दिवसांत आठवड्यातून तीनदा हे स्तोत्र मोठ्याने वाचायचं आणि खाली स्वतःचं एक वाक्य लिहायचं.

पाऊल असंच छोटं हवं. "रोज पहाटे एक तास" असं ठरवलेलं बुधवारपर्यंत मोडतं, मग अपराधी वाटतं, आणि पुढच्या भेटीला माणूस काहीतरी कारण काढून येतच नाही. भेटी बंद पडतात त्यातल्या कितीतरी याच कारणाने.

आता बिघडतं कुठे, ते स्पष्ट बोलायला हवं.

सगळ्यात मोठा धोका ताबा घेण्याचा. "देवाने मला दाखवलंय, तू हीच नोकरी कर, हिच्याशीच लग्न कर." 1970च्या दशकात अमेरिकेत शेफर्डिंग मूव्हमेंट नावाने ओळखली गेलेली चळवळ पसरली. लग्न, घर, पैसा यांसारख्या निर्णयांत आपल्यावरच्या पुढाऱ्याच्या अधीन राहायचं, असं वळण तिला लागलं. अनेकांची मनं मोडली, आणि तिच्या एका प्रमुख नेत्याने पुढे जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. प्रेषित पेत्र मंडळीच्या वडिलांना, म्हणजे पुढाऱ्यांना, लिहितो की कळपावर धनीपण करू नका, कित्ते व्हा, म्हणजे स्वतः उदाहरण व्हा. निर्गमच्या 18व्या अध्यायात इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला, किती नेमका सल्ला देतो: हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. पण त्याबरोबर म्हणतो, देवाची तशी आज्ञा असेल तर. आणि काम झाल्यावर आपल्या देशी निघून जातो. सल्ला द्यायचा तो असा.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. ऐकलेलं बाहेर जातं ते चहाडी म्हणून क्वचितच, बहुतेक वेळा "प्रार्थनेचा विषय" म्हणून जातं. नाव न घेता सांगितलं तरी मंडळीत ओळखणारे ओळखतात. विचारल्याशिवाय एक शब्द बाहेर जाता कामा नये. अपवाद पहिल्याच भेटीत सांगून ठेवा: कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा लहान मुलावर अत्याचार होत असेल, तर ते लपवलं जाणार नाही. आणि मन खचलेलं, झोप उडालेली, जगणं नकोसं वाटतंय, असं काही समोर आलं, तर डॉक्टरकडे स्वतः बरोबर जा. एखाद्या बाईला घरात मारहाण होत असेल तर "सहन कर, प्रार्थना कर" म्हणून तिला परत त्याच घरात पाठवू नका.

उसनवारी, धंद्यातली भागीदारी या नात्यात आणूच नका. त्यावर जास्त बोलायची गरज नाही.

आणि कोणी भेटलंच नाही तर? 1738 साली इंग्लंडमधले धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांनी छोट्या गटांसाठी नियम लिहिले. आठवड्यातून एकदा जमायचं, आणि प्रत्येकाला विचारायचं, गेल्या भेटीपासून जाणूनबुजून कोणतं पाप घडलं, कोणता मोह आला. तिथे कोणी मोठा गुरू नव्हता, विश्वासणारे एकमेकांना विचारत होते. तुम्ही दोघं-तिघं असाल तरी हे सुरू करता येतं.

सहाव्या भेटीबद्दल तेवढं सांगून थांबतो. त्या दिवशी मार्गदर्शकाने आपला प्रश्न विचारायचा नाही. शास्त्रभाग समोरच्याने निवडायचा, प्रश्न त्याने काढायचे, प्रार्थनेची सुरुवातही त्यानेच करायची. प्रेषित पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो की माझ्याकडून ऐकलेलं विश्वासू माणसांना सोपव, जी इतरांनाही शिकवतील. तेव्हा त्या दिवशी कागदावर एक नाव लिहायला सांगा: मंडळीत नवा आलेला, किंवा नुकताच बाप्तिस्मा झालेला कोणीतरी, ज्याच्याबरोबर तो स्वतः पुढचे 3 महिने बसणार आहे.