कावळे कुठे ओरडतात?

(टोरांटोतल्या आपल्या मंडळाच्या संक्रांत मेळाव्यात, जानेवारी २०२६ मध्ये, एका सदस्येने केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी. तिळगुळाचा डबा फिरवून झाल्यावर मला मधुमेहावर बोलायला उभं केलंय, ही कार्यकारिणीची खोडी आहे असंच मी समजते. गुळाच्या पोळ्या अजून यायच्या आहेत, तेव्हा पाल्हाळ लावत नाही.

या शहराचं, जानेवारीचं आणि मधुमेहाचं जुनं नातं आहे. ११ जानेवारी १९२२ ला टोरांटो जनरल हॉस्पिटलमध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचलं. पोराचं वजन जेमतेम २९ किलो. औषध इतकं अशुद्ध होतं की टोचलं तिथे गळू झालं. कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने ते खपून शुद्ध केलं, २३ तारखेला पुन्हा दिलं आणि पोर सावरलं. इन्सुलिन शोधणारे बँटिंग आणि बेस्ट, ही नावं तुमच्या मुलांनाही पाठ असतील. पण तिथेच युनिव्हर्सिटी अव्हेन्यू ओलांडला की माउंट सायनाय हॉस्पिटल लागतं. तिथले डॉ. डॅनिअल ड्रकर कोणाला माहीत आहेत? हात वर करा.

(तीन हात.) त्यातले दोघे डॉक्टर आहेत, ते धरायचे नाहीत.

ओझेम्पिक, ते मधुमेहाचं आणि वजन उतरवणारं इंजेक्शन, मात्र सगळ्यांना माहीत आहे! मी बावीस वर्षं फार्मसीच्या काउंटरमागे उभी आहे, त्यामुळे कोणाला किती माहीत आहे हेही मला माहीत आहे. घाबरू नका, नावं घेणार नाही.

ड्रकर १९८४ मध्ये शिकायला बॉस्टनला जोएल हॅबनर यांच्या प्रयोगशाळेत गेले. मनात थायरॉइडवर काम करायचं होतं. हातात आलं रक्तातली साखर वाढवणाऱ्या ग्लुकॅगॉन या संप्रेरकाचं जनुक. त्या जनुकात जीएलपी-१ नावाचा एक तुकडा दडलेला होता, ओझेम्पिक ज्याची नक्कल करतं तोच. आपण जेवलो की आतडं हा तुकडा रक्तात सोडतं आणि तो स्वादुपिंडाला सांगतो, साखर चढतेय, इन्सुलिन सोड. हे एकट्याचं काम नव्हे. त्याच इमारतीत स्वेतलाना मोइसोव्ह या बाई तो तुकडा नेमका कुठून सुरू होतो ते शोधत होत्या, आणि पेटंटवर आपलं नाव यावं म्हणून त्यांना पुढे भांडावं लागलं. कोपनहेगनला येन्स होल्स्ट त्याच वाटेवर होते.

अडचण एकच होती. हा जीएलपी-१ शरीरात दोन-एक मिनिटांत तुटून जातो. औषध म्हणून द्यायचा कसा? इथे गोष्टीत येतो एक सरडा. तानाजीची घोरपड आपल्याला दंतकथेतून माहीत आहे. हा तसाच जाडजूड, पण विषारी. नाव हीला मॉन्स्टर, वस्ती ॲरिझोनाच्या वाळवंटात, जेवण वर्षातून मोजक्या वेळा. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डॉ. जॉन एंग यांना १९९२ मध्ये त्याच्या विषात जीएलपी-१ सारखा एक पदार्थ सापडला, आणि तो लवकर तुटत नव्हता. हा सरड्याचा स्वतःचा जीएलपी-१ आहे की वेगळंच काही, हे ड्रकरना बघायचं होतं. त्यासाठी त्यांनी यूटाच्या प्राणिसंग्रहालयातून एक सरडा मिळवला. उत्तर निघालं की सरड्याकडे दोन्ही आहेत, दोन वेगळ्या जनुकांवर. एंग यांच्या त्या पदार्थावरून २००५ मध्ये एक्सेनाटाइड हे मधुमेहाचं औषध बाजारात आलं.

आता माझा खरा मुद्दा. आपण म्हणतो, पोटात कावळे ओरडतायत. १९९६ मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या थेट मेंदूत जीएलपी-१ सोडला, आणि भुकेले उंदीर कमी खाऊ लागले. म्हणजे कावळे वर, डोक्यात! पण गंमत पुढे आहे. त्याच वर्षी ड्रकर यांच्या प्रयोगशाळेने जीएलपी-१ ला प्रतिसादच देऊ न शकणारे उंदीर तयार केले. सगळ्यांना वाटेल, ते फुगून टम्म होतील. झाले नाहीत. साखर बिघडली, भूक मात्र जशीच्या तशी. ड्रकरनी तसंच छापलं. मेंदूकडे भूक राखायचे इतर रस्ते आहेत. एक बंद झाला तर तो दुसरा धरतो. औषधाचा मोठा डोस त्याच मेंदूला वेगळं सांगू शकतो, हे त्या उंदरांवरून कळत नाही. एका प्रयोगावरून व्हॉट्सॲपवर निकाल देणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगितलं.

मेंदूचा विषय निघालाय तर तेही सांगते. २००३ मध्ये ड्रकर यांचा सहभाग असलेल्या एका अभ्यासात दिसलं की हा प्रतिसाद नसलेले उंदीर शिकण्यातही मागे पडतात. त्यातून स्मृतिभ्रंशावर आशा धरली गेली. गेल्या नोव्हेंबरात सेमाग्लुटाइडच्या, म्हणजे ओझेम्पिकमधल्या औषधाच्या, अल्झायमरवरच्या दोन मोठ्या चाचण्यांचा निकाल आला: आजार मंदावला नाही. पार्किन्सनवर त्याआधीचं एक्सेनाटाइडही २०२५ मध्येच फसलं. तेव्हा 'आईला विसरायला होतंय, तिला हे चालू करू का' असं मला काउंटरवर विचारू नका, उत्तर नाही असंच आहे. आणि मळमळ होते, उलट्या होतात, डॉक्टरांशिवाय घ्यायचं नाही, हे तर रोजचंच.

आपल्या मंडळातल्या एक काकू दोन वर्षांपूर्वी काउंटरशी वाकून म्हणाल्या, "कागदी पिशवीत दे गं, नाव दिसायला नको." साठी उलटलेली बाई, चाळीस वर्षं घरात ऐकत आलेली की जिभेवर ताबा नाही. इंजेक्शनचं पेन कसं धरायचं ते मी दाखवलं. सहा महिन्यांनी त्या पुन्हा आल्या. वजनाबद्दल एक शब्द नाही. म्हणाल्या, "पानावर बसलं की श्रीखंडाची वाटी हाका मारायची बघ. जेवण संपलं तरी मारायची. आता ती नुसती वाटी आहे."

त्यांना विचारूनच हे सांगतेय. त्या इथेच बसल्या आहेत, शोधायला जाऊ नका. फक्त आता पंगत बसेल तेव्हा कोणी अर्धी पोळी ठेवली, तर "घ्या हो, एवढीशीच तर आहे" म्हणून दुसरी वाढू नका.